जपानी ताटातील आपले सोयाबीन

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याचा आमच्या घरचा नेम जुना आहे. परभणी स्टेशनवर देवगिरी एक्स्प्रेस आली की जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळेल की नाही, हीच एक चिंता असते. २०२५ साली सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती, म्हणून दोन महिने अगोदर आरक्षण करून ठेवले होते. दादरला उतरलो, रांगेत उभे राहून बाबासाहेबांना अभिवादन केले, शिवाजी पार्कवर भोजनदानाची खिचडी खाल्ली, स्टॉलवरून चार पुस्तके घेतली. हे सर्व दरवर्षीचेच. दुसऱ्या दिवशी जे घडले, ते मात्र आमच्या सात पिढ्यांत कुणी केले नव्हते. आम्ही जपानी हॉटेलात जेवलो.

वाचक बंधू-भगिनींनी हसू नये, आणि कारकुनाला पैसा वर आला असेही समजू नये. आमची पुतणी बी.ए. झाल्यावर पुण्यात जपानी भाषा शिकली. पुण्यात ही भाषा शिकविण्याची परंपरा मोठी आहे. जपानीच्या परीक्षेला पाच पायऱ्या असतात. एन-५ सगळ्यांत सोपी आणि एन-१ सगळ्यांत अवघड. आमची मुलगी चार वर्षांत एन-२ पर्यंत चढली आणि आता मुंबईत एका कंपनीत दुभाषाचे काम करते. पहिल्या पगारात तिने आजीला लुगडे घेतले होते. या खेपेला म्हणाली, "आजी, मी रोज ज्यांची भाषा बोलते त्यांचं जेवण तुला एकदा खाऊ घालते."

त्या दिवशी सकाळी तिने आम्हाला वरळीचा जपानी बुद्धविहार दाखविला. पोदार रुग्णालयाजवळचा हा विहार निप्पोन्झान म्योहोजी या संघाचा आहे. संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले होते. आत एका भिक्खूंचा ढोल संथ लयीत चालू होता. आई बराच वेळ डोळे मिटून बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांचा विहार बघितला, आता त्यांचं जेवण बी बघू."

वरळीहून भुयारी मेट्रोने वांद्रे-कुर्ला संकुलात गेलो. सरकत्या जिन्यावर पाय टाकताना आईने आमच्या पत्नीचा दंड असा धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता.

मुंबईत जपानी जेवणाची हॉटेले आता बरीच झाली आहेत. ताजमहाल हॉटेलात जपानी बल्लव मासाहारु मोरिमोतो यांचे 'वसाबी' २००४ साली सुरू झाले, ते फार वरच्या दर्जाचे. त्यानंतर वांद्रे, लोअर परळ, अंधेरी अशा भागांत मध्यम प्रकारची हॉटेलेही निघाली. मुंबईचा आणि जपानचा संबंध मात्र याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो कापसाने जोडलेला आहे. जमशेटजी टाटा यांनी एका जपानी आगबोट कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ साली मुंबई ते कोबे अशी बोटींची वाहतूक सुरू झाली. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस गाठी बांधून जपानच्या गिरण्यांत जाऊ लागला. कापूस वेचणारी बाई जपानला गेली नाही, पण तिने वेचलेले बोंड गेले. त्या दिवशी जेवताना आम्हाला ही गोष्ट पुन्हा आठवणार होती.

आम्ही गेलो ते हॉटेल मध्यम प्रकारचे. काचेच्या दाराशी आई थांबली. "चपला कुठं काढायच्या?" तिने विचारले. पुतणी म्हणाली, जपानात घरात आणि चटईच्या खोलीत चपला बाहेरच काढतात, इथे टेबल-खुर्च्या आहेत, तेव्हा नको. पण आईचे थांबणे नुसते चपलांसाठी नव्हते, हे आम्ही ओळखले. आमचे वडील सांगत, तालुक्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी बाहेर कोनाड्यात ठेवलेली असे. चहा वरून ओतायचा, पैसे वरून टाकायचे, कप आपणच विसळून परत ठेवायचा. आईने तो कोनाडा स्वतः पाहिला आहे. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, विहिरी आणि तलावांबरोबर हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शाळेत असताना आम्हाला वाटे, एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलासारखी किरकोळ गोष्ट कशाला लिहिली असेल? त्या दारात आईला पाहून कळले. पत्नीने तिचा हात धरला आणि आम्ही आत गेलो.

बसल्याबरोबर एका मुलाने गरम पाण्यात पिळलेले छोटे पंचे आणून दिले. जेवणाआधी हात पुसण्याची ही जपानी रीत आहे. आईने हात पुसले, मग सवयीने तोंड आणि मानही पुसली. मुलगा हसला, पण कुचेष्टेने नव्हे. चेहऱ्यावरून आईला तो जपानी वाटला. तिने विचारले, "जपानचा का रे बाबा तू?" तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "नहीं माँजी, मणिपूर से." म्हणजे आपलाच देशबंधू. पुतणी म्हणाली, मुंबईच्या अशा हॉटेलांतून ईशान्येकडची पुष्कळ मुले कामाला असतात, आणि रस्त्यावर लोक त्यांना परदेशी समजून नाही नाही ते बोलतात. आई त्याला म्हणाली, "घरी पैसे धाडतोस का?" त्याला मराठी कळली नसावी, पण प्रश्न कळला. त्याने मान हलविली.

मग खाद्यपदार्थांची यादी आली. आमचे लक्ष नेहमीप्रमाणे उजव्या बाजूच्या आकड्यांकडे गेले. आयुष्य लेखाशाखेत गेले, त्याला इलाज नाही. पहिलाच पदार्थ होता 'एदामामे', किंमत ४५० रुपये. थोड्या वेळाने एका वाडग्यात उकडलेल्या हिरव्या शेंगा आल्या. वरून जाडे मीठ भुरभुरलेले. आईने एक शेंग उचलली, बोटांत फिरविली, तिच्यावरची लव चाचपली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं माय, हे तर आपलं सोयाबीन हाय!"

शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. पण आई बरोबर होती. एदामामे म्हणजे दाणे भरलेल्या पण अजून हिरव्या असलेल्या सोयाबीनच्या शेंगा. त्यासाठी मोठ्या दाण्याचे खास वाण लावतात एवढेच. पीक तेच.

आमच्या लहानपणी जिल्ह्यात ज्वारी, कापूस आणि तूर यांचे राज्य होते. १९९० नंतर सोयाबीन वाढत गेले आणि आता खरिपात जिकडे पाहावे तिकडे तेच दिसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ असे वाण काढले. आईने वीस वर्षे या पिकाची कापणी केली आहे. बॅगेमागे गुत्ता ठरायचा, पहाटे दव असतानाच बायकांची टोळी शेतात शिरायची, कारण ऊन चढल्यावर शेंगा फुटतात. वाळल्या शेंगांची टोके बोटांत रुततात, कापलेली थोटे पायांत घुसतात. एवढे करून ते सोयाबीन आमच्या घरात कधी शिजले नाही. पोत्यात भरायचे, आडतीवर न्यायचे, तिथून ते तेलाच्या कारखान्यात जायचे. तेल माणसांना आणि पेंड कोंबड्यांना. वीस वर्षे ज्या पिकाने हात सोलले, त्याचा घास आई पहिल्यांदा वांद्रे-कुर्ला संकुलात खात होती. दोन शेंगा सोलून खाल्ल्यावर म्हणाली, "गोड लागतंय की. भुईमुगाच्या उकडल्या शेंगांवाणी."

त्यानंतर जे जे आले त्यात सोयाबीन होतेच. लहान वाडग्यातून 'मिसो'चे सार आले. सोयाबीन शिजवून, वाटून, त्यात मीठ आणि विशिष्ट बुरशी चढविलेला तांदूळ किंवा जव घालून महिनोन् महिने आंबवितात, तो मिसो. जपानात हे वाडगे हातात उचलून तोंडाला लावतात. आईने दोन्ही हातांनी उचलले, एक घोट घेतला आणि सांगितले, "आंबवलेलं हाय. आपल्या आंबिलीचं थोरलं भावंडं." त्यात पांढरे चौकोनी तुकडे होते, तो टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. बुडवून खायला काळा पातळ रस, तो सोयाबीन आणि गहू आंबवून केलेला. जपानी विहारांतून भिक्खूंचे मांस-मासळीविना जे जेवण असते, त्यातही टोफू आणि मिसो यांना मोठी जागा आहे. दोगेन या झेन आचार्यांनी १२३७ साली विहाराच्या स्वयंपाक्यासाठी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. स्वयंपाक करणाऱ्या भिक्खूचे काम ध्यानाइतकेच मोलाचे, असा त्याचा भाव आहे.

भाज्यांची भजी आली, त्यांना 'टेम्पुरा' म्हणतात. ही तळण्याची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात नेली. त्यांनीच आपल्या वसई-गोव्यात ठाण मांडले होते. भज्यांत भेंडीही होती. 'परभणी क्रांती' या भेंडीच्या वाणाने आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर नेले आहे, त्यामुळे ती भेंडी आम्ही हक्काने खाल्ली.

मग 'सुशी' आली. शिरका लावलेल्या भाताचे लहान मुटके, वर मासळी. कच्ची मासळी आई-पत्नीला नको होती, म्हणून पुतणीने शिजलेली कोळंबी आणि काकडीचे प्रकार मागविले होते. सोबत दोन काड्या. आम्ही अर्धा तास त्या काड्यांशी झुंज दिली. आईने कंटाळून त्या भाताच्या मुटक्यात उभ्या रोवल्या. पुतणीने हळूच काढून आडव्या ठेवल्या आणि सांगितले की तिकडे मयताच्या भातात काड्या उभ्या रोवतात, म्हणून एरवी तसे करीत नाहीत. "मग हातानं खाऊ का?" आईने विचारले. पुतणी म्हणाली, "खा की. सुशी हातानं खाणं तिकडे रीतीलाच धरून आहे." खरोखरच आहे. आज सुशीचे जे रूप आपण पाहतो, ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्याकडेच्या गाड्यांवर वाढले. कामकरी माणूस उभ्या-उभ्या दोन घास हाताने खाऊन पुढे जाई. आपल्याकडच्या वडापावसारखेच ते. आज तेच अन्न काचेच्या दाराआड गेल्यावर लोकांना काड्यांची भीती वाटते. आम्ही चौघांनीही काड्या बाजूला ठेवल्या आणि हाताने जेवलो. कुणी काही म्हटले नाही.

जेवता जेवता आईने विचारले, "त्यांच्यात आपल्यासारखे लोक हाईत का गं?" प्रश्न सरळ होता. जपान हा बौद्ध देश म्हणून आपण त्याच्याकडे आपुलकीने पाहतो, पण म्हणून उत्तर लपविणे बरे नव्हे. आहेत. इ. स. ६७५ मध्ये तिथल्या सम्राटाने गाय, घोडा यांसारख्या प्राण्यांचे मांस खाण्यावर वर्षातील काही महिन्यांसाठी बंदी घातली. पुढे शतकानुशतके मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे काही वस्त्यांच्या माथी मारली गेली आणि त्या माणसांना अस्पृश्य ठरविले गेले. त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली कायद्याने ही अवहेलना रद्द झाली. १८७२ मध्ये तर सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. मांस प्रतिष्ठित झाले, पण ते कापणारी माणसे झाली नाहीत. शेवटी ३ मार्च १९२२ रोजी क्योटो शहरात या लोकांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. नावाचा अर्थ पाण्याच्या पातळीसारखी समता मानणाऱ्यांचा संघ. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

पुतणीने आणखी एक गोष्ट सांगितली. ओसाका भागात या वस्त्यांतून जनावराची आतडी त्यांच्याच चरबीत तळून कडक करून ठेवीत. तो गरिबीचा पदार्थ होता, उरलेल्या-सुरलेल्याचा. आता तिथे हॉटेलांतून गव्हाच्या जाड शेवयांच्या रश्शात तो घालून विकतात आणि लोक आवडीने खातात. आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमची आजी चुनचुनी करायची, तसंच." आमच्या घरात हा शब्द कित्येक वर्षांनी उच्चारला गेला. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले आणि आपल्या लोकांनी ते सोडले, ते योग्यच झाले. पण त्या काळी जी माणसे त्यावर जगली, त्यांची लाज आपण बाळगावी असे मात्र बाबासाहेबांनी कुठे सांगितले नाही. आईने आजीचे नाव त्या टेबलावर घेतले, याचे आम्हाला समाधान वाटले.

शेवटी बिल आले. आमच्या पोटात गोळा आला, पण आकडे तपासले. एदामामे ४५०, मिसोचे दोन वाडगे ५००, भजी ५५०, सुशी ७००, जाड शेवयांचे दोन वाडगे १,२००. एकूण ३,४००. त्यावर पाच टक्क्यांनी जीएसटी, केंद्राचे ८५ आणि राज्याचे ८५. सगळे मिळून ३,५७०. सेवा शुल्क लावलेले नव्हते. वाचकांनी ध्यानात ठेवावे, हॉटेलातील सेवा शुल्क ऐच्छिक असते, ते बिलात दिसले तर काढायला सांगता येते.

पैसे पुतणीने भरले. आम्ही मनात दुसराच हिशेब करीत होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला ५३ रुपये २८ पैसे. त्या भावाने आमचे जेवण सदुसष्ट किलो सोयाबीनचे झाले. बाजारात प्रत्यक्ष भाव त्याहून कमीच होता. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात गेली, कित्येकांच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. आणि त्या एका वाडग्यातील शेंगांचे दाणे वाळविले असते तर आमच्या अंदाजाने तीस ग्रॅम भरले असते. हमीभावाने एक रुपया साठ पैसे. वाडग्याची किंमत ४५०.

हिशेब एकांगी नको, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. त्या ४५० रुपयांत जागेचे भाडे आहे, वीज आहे, मणिपूरच्या त्या मुलाचा पगार आहे, आणि असल्या शेंगा बहुधा परदेशातून गोठवून येतात, त्याचा खर्च आहे. मालकाने लूट केली असे आम्ही म्हणणार नाही. जपानलाही आपले बहुतेक सोयाबीन अमेरिका, ब्राझील, कॅनडा या देशांतून विकत घ्यावे लागते. पिकविणारा एक आणि त्याचे मोल वाढविणारा दुसरा, असा हा व्यवहार सगळीकडेच आहे. पण मग मोल वाढते कुठे? आंबविण्यात, वाटण्यात, उकडण्यात आणि ते कुणापुढे कसे ठेवायचे हे जाणण्यात. हे कुणाच्या रक्तात नसते, शिकता येते. आमच्या घरची मुलगी परभणीहून पुण्याला जाऊन जपानी शिकली, तसेच. मुले शिकतात ती नोकरीसाठी शिकतात, हे खरे. पण आपण जे पिकवितो त्याचे पुढे काय होते, हेही त्यांनी शिकावे असे आम्हाला वाटते.

निघताना पुतणीने दोन्ही हात जोडून एक जपानी शब्द उच्चारला. आईने अर्थ विचारला. ती म्हणाली, "हा शेवटचा आभाराचा शब्द. जेवणाआधी वेगळा म्हणतात, 'इतादाकिमासु', म्हणजे नम्रपणे स्वीकारतो. ज्या जिवांचं हे अन्न झालं आणि ज्यांनी कष्ट केले, त्या सगळ्यांचे आभार त्यात येतात." आई म्हणाली, "चांगलं हाय. पर कापणीच्या बायकांला मजुरी किती देतात तिकडं?" पुतणीला सांगता आले नाही. "विचारून सांगते," एवढेच ती म्हणाली.

रात्री देवगिरीने परत निघालो. सकाळी परभणीला उतरलो तेव्हा आईने वस्तीतल्या बायकांना पहिली बातमी शेंगांची दिली. साडेचारशेचा आकडा ऐकून एकीने कपाळाला हात लावला, दुसरी म्हणाली, "आन् आपण कोंबड्याला घालतो!"

येत्या भादव्यात पाऊसपाणी बरे झाले तर आमच्या मेहुण्याच्या शेतात आम्ही हे करून पाहणार आहोत. ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांच्यासाठी रीत देतो. दाणे पूर्ण भरलेल्या पण पिवळ्या न पडलेल्या शेंगा तोडाव्यात. औषध फवारले असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय त्याला हात लावू नये. शेंगा चोळून धुवाव्यात, मिठाच्या उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकडाव्यात, निथळून वरून थोडे मीठ टाकावे. दाणे खावेत, टरफल टाकावे. कच्चे सोयाबीन मात्र कधीही खाऊ नये. त्यात पचनाला अडथळा करणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो. आपले नेहमीचे वाण दाण्याला लहान आणि वासाला थोडे उग्र लागेल. भाजीसाठी 'स्वर्ण वसुंधरा' हे खास वाण रांचीच्या संशोधन केंद्राने काढलेले आहे.

आईने आताच बजावून ठेवले आहे की पहिले वाडगे कापणीच्या टोळीला द्यायचे, घरच्यांनी मागून खायचे. पुतणीचा परवा फोन आला होता. मजुरीचा आकडा तिला अजून मिळालेला नाही. आई दर फोनला विचारते.